निक्सन यांच्या दप्तरातले १९७१

एक टंकलिखित टिपण आहे. तारीख २८ एप्रिल १९७१, विषय पाकिस्तानबाबतचे धोरण. लिहिणारे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर, वाचणारे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन. शेवटी तीन पर्याय मांडले आहेत. पहिला, पश्चिम पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांच्या पाठीशी बिनशर्त उभे राहणे. दुसरा, खरोखरीची तटस्थता. तिसरा, पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांना युद्ध आवरते घ्यायला आणि पूर्व पाकिस्तानला स्वायत्ततेकडे नेणारी काही तरी व्यवस्था लावायला मदत करणे. निक्सन यांनी तिसऱ्या पर्यायापुढे आद्याक्षरे केली आणि खाली स्वतःच्या हाताने शेरा मारला : सर्वांसाठी, या घडीला याह्यांवर दबाव आणू नका. मूळ इंग्रजी वाक्यातल्या नकाराच्या शब्दाखाली तीन रेघा आहेत.

टंकलिखित मजकूर तेवढा वाचला तर धोरण मधल्या वाटेचे वाटते. शेरा वाचला की ती मधली वाट किती अरुंद होती ते कळते. पुढचे साडेसात महिने अमेरिकेचा व्यवहार या शेऱ्याबरहुकूम चालला. असे म्हणायला आधार आहे तो कोणाच्या आठवणींचा नाही. एकाच प्रशासनाच्या दप्तरातून वेगवेगळ्या वाटांनी बाहेर आलेले कागद शेजारी-शेजारी ठेवले की हे दिसते. ते कागद आज घरबसल्या पाहता येतात, त्या शेऱ्याच्या हस्ताक्षरासकट.

त्यांची ठिकाणे मुख्यतः तीन. अमेरिकेचे परराष्ट्र खाते १८६१ पासून, म्हणजे लिंकन यांच्या काळापासून, आपल्या परराष्ट्र व्यवहाराचे निवडक कागद ग्रंथमालेत छापत आले आहे. निक्सन-फोर्ड कालखंडाचा अकरावा खंड संपूर्णपणे १९७१च्या दक्षिण आशियातील पेचप्रसंगावर आहे. तो २००५ मध्ये आला. दुसरे ठिकाण कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडा येथील निक्सन ग्रंथालय. तिसरे ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’. नावावरून हे सरकारी खाते वाटते, पण ती १९८५ मध्ये स्थापन झालेली बिगरसरकारी संस्था आहे. वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठात तिचे बिऱ्हाड आहे आणि सरकारकडून कागद काढून घेणे हेच तिचे काम. या संस्थेने १६ डिसेंबर २००२ रोजी, ढाक्यातल्या शरणागतीच्या एकतिसाव्या स्मृतिदिनी, १९७१च्या कागदांचे एक प्रदर्शन इंटरनेटवर मांडले. संपादक साजित गांधी. प्रदर्शनाला नाव दिले ‘द टिल्ट’, म्हणजे कल. हा शब्द त्यांचा नव्हता. तोही दप्तरातूनच बाहेर पडला होता, त्याच्याकडे पुढे येऊ.

प्रदर्शन म्हटले की निवड आली, आणि निवड म्हटली की निवडणाऱ्याचा हेतू आला. या तिघांचे हेतू एक नाहीत. परराष्ट्र खात्याची ग्रंथमाला १९९१च्या कायद्याने सविस्तर, अचूक आणि विश्वसनीय असायला बांधलेली आहे. ‘आर्काइव्ह’ला सरकारची लपवाछपवी उघड करायची असते. निक्सन ग्रंथालय तर २००७ पर्यंत निक्सन यांच्या चाहत्यांच्या खासगी प्रतिष्ठानाच्या हाती होते. तिथले वॉटरगेटचे जुने दालन वाचून राष्ट्राध्यक्षांवरच अन्याय झाला असे वाटावे. ग्रंथालय राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेल्यावर संचालक टिमथी नफ्ताली यांनी ते काढून मूळ पुराव्यांवर आधारलेले नवे दालन २०११ मध्ये उघडले. म्हणून प्रदर्शनातला कागद पाहिला की पहिला प्रश्न तो खरा आहे का हा नसतो. त्याच्या आधीचा आणि नंतरचा कागद कुठे आहे, हा असतो.

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली. तीन दिवसांनी तिथले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी तार क्रमांक ९५९ पाठवली. तिचा विषय दोन शब्दांचा होता : निवडक वंशसंहार. पाक लष्कराच्या दहशतीचे आम्ही मूक आणि भयचकित साक्षीदार आहोत, असे त्यांनी कळवले. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून राजदूत केनेथ कीटिंग यांची तार गेली. विषय तोच. कीटिंग हे निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे, न्यूयॉर्कचे माजी सिनेटर. तेव्हा ढाक्यातला कोणी एक भावनाशील अधिकारी वाहवत गेला, हे नंतर दिले गेलेले स्पष्टीकरण या दोन तारा शेजारी ठेवल्यावर टिकत नाही.

६ एप्रिलची तार क्रमांक ११३८ जास्त प्रसिद्ध आहे. ढाक्यातल्या वाणिज्य दूतावासातील आणि मदत कार्यक्रमांतील अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या धोरणाशी असहमती नोंदवली आणि खाली नावे दिली. सरकारने लोकशाहीच्या दडपणुकीचा आणि अत्याचारांचा निषेध केला नाही, आपले सरकार नैतिकदृष्ट्या दिवाळखोर ठरल्याचे अनेकांना वाटेल असे वागले, हा तिचा आशय. या तारेला लोक ‘ब्लड टेलिग्राम’ म्हणतात, पण ब्लड यांची सही तिच्यावर नाही. त्यांनी शेवटी स्वतंत्र परिच्छेद जोडला. या अधिकाऱ्यांना असहमती मांडण्याचा हक्क आहे, मात्र मी इथला प्रमुख असेपर्यंत निवेदनावर सही करणे मला योग्य वाटत नाही, असे त्यांनी म्हटले. आणि पुढे, या झगड्याचा शेवट बहुधा बंगाल्यांच्या विजयात आणि स्वतंत्र बांगलादेशात होईल, हेही नोंदवले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात! दूतावासात बसून लिहिलेले इतके नेमके भाकीत मुत्सद्देगिरीच्या कागदांत विरळा.

वॉशिंग्टनमध्ये या तारेचे काय झाले ते त्याच दिवसाच्या एका दूरध्वनी संभाषणाच्या नोंदीत आहे. परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स किसिंजर यांच्याशी बोलताना तारेला शिवी घालतात आणि तिच्या प्रती फार वाटल्या गेल्याची तक्रार करतात. आता ती फुटणार, अशी त्यांना भीती आहे. किसिंजर म्हणतात, बहुधा सिनेटर टेड केनेडींच्या हाती पडेल. तारेत लिहिले ते खरे की खोटे, हा प्रश्न त्या बोलण्यात कुठेच नाही. ब्लड यांना त्या उन्हाळ्यात ढाक्यातून हलवण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकी मुत्सद्द्यांच्या संघटनेने त्यांना धैर्यशील असहमतीसाठी असणारा हर्टर पुरस्कार दिला.

आता एप्रिल अखेरीकडे वळू, कारण सगळ्या प्रकरणाचे बिजागर तिथे आहे. २७ एप्रिलच्या संध्याकाळी पाकिस्तानचे राजदूत आगा हिलाली किसिंजर यांना भेटले आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांचा निरोप त्यांच्या हाती दिला. अमेरिकेच्या दूताचे पीकिंगमध्ये जाहीर स्वागत करायला आपण तयार आहोत, असा तो निरोप. दोन दशकांच्या अबोल्यानंतर आलेला, आणि आला तो याह्याखानांच्या हातून. तीन पर्यायांच्या टिपणावरची तारीख याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. टिपणात चीनचा उल्लेख शोधू नये. परराष्ट्र खात्यातल्या बहुतेकांना ही वाटाघाट चालू आहे हेच ठाऊक नव्हते. एका फायलीत चीन आणि दुसऱ्या फायलीत ढाका, आणि दोन्ही फायली एकत्र वाचणारी माणसे इनमिन दोन-चार. तीन रेघांचा अर्थ पहिल्या फायलीत सापडतो.

जुलैमध्ये किसिंजर दिल्लीला आले, इंदिरा गांधींना भेटले, तिथून इस्लामाबादला गेले, पोट बिघडल्याची बातमी पसरवून दिसेनासे झाले आणि ९ तारखेला पीकिंगमध्ये उतरले. १५ जुलैला निक्सन यांनी ही गोष्ट दूरचित्रवाणीवरून जगाला सांगितली. हे सर्वांना माहीत आहे. कमी माहीत आहे ते असे की, त्याआधी जूनमध्येच न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली होती की शस्त्रसामग्री घेऊन जहाजे अमेरिकेच्या बंदरांतून पाकिस्तानकडे निघतच आहेत. दिल्लीला मात्र शस्त्रपुरवठा थांबल्याचे सांगितले गेले होते. जुने परवाने चालू होते, असे त्यावरचे उत्तर. कागदोपत्री ते खोटे नव्हते. ऑगस्टमध्ये भारत-सोव्हिएत करार झाला. पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या निर्वासितांचा आकडा वर्ष सरेपर्यंत १ कोटीच्या आसपास गेला.

४ नोव्हेंबरला इंदिरा गांधी आणि निक्सन यांची व्हाइट हाउसमध्ये भेट झाली. सोबत किसिंजर आणि इंदिरा गांधींचे सचिव परमेश्वर नारायण हक्सर. या भेटीचे अधिकृत टिपण उपलब्ध आहे आणि ते सौजन्याने ओथंबलेले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओव्हल ऑफिसमध्ये निक्सन, किसिंजर आणि निक्सन यांचे कार्यालयप्रमुख हाल्डेमन बोलत बसले, आणि ते बोलणे ध्वनिफितीवर उतरले. २००५ मध्ये ते छापून आले तेव्हा भारतातल्या वर्तमानपत्रांनी त्यातल्या शिव्या उचलल्या. निक्सन इंदिरा गांधींना म्हातारी चेटकीण म्हणतात, किसिंजर त्याहून खालच्या पातळीवर जातात आणि एकूण भारतीयांनाही सोडत नाहीत. गदारोळ झाला, किसिंजर यांनी खेद व्यक्त केला.

माझ्या मते महत्त्वाचे वाक्य शिव्यांना लागूनच आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. किसिंजर सांगतात की आपल्याला हवे होते ते मिळाले. अमेरिकेने चांगले स्वागत केले नाही, म्हणून हताश होऊन युद्धाला उभी राहिले, असे आता या बाई घरी जाऊन म्हणू शकणार नाहीत. म्हणजे आदल्या दिवशीचे सौजन्य हीच चाल होती. अधिकृत टिपण खोटे नाही, त्यात नोंदलेले शब्द खरोखरच बोलले गेले. ते कशासाठी बोलले गेले, हे टिपणाला ठाऊक नव्हते. ध्वनिफितीने ते सांगितले.

इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक मराठी अभ्यासकाला समजावून द्यावा लागत नाही. किसिंजर यांचा १९७९चा आत्मचरित्राचा खंड ही बखर. तिच्यात १९७१वर मोठे प्रकरण आहे, आणि ते लिहिले तेव्हा ध्वनिफिती कधी लोकांच्या कानांवर पडतील असे लेखकाला वाटले नसावे.

त्या फिती मुळात असायलाच नकोत अशी स्थिती होती. फेब्रुवारी १९७१ मध्ये, म्हणजे ढाक्यातल्या कारवाईच्या जेमतेम महिनाभर आधी, निक्सन यांनी ओव्हल ऑफिसमध्ये आवाज होताच आपोआप चालू होणारी यंत्रणा बसवून घेतली. केनेडी आणि जॉन्सन हेही ध्वनिमुद्रण करीत, पण कळ दाबून. कळ दाबणारा माणूस बोलताना सावध असतो. निक्सन यांची यंत्रणा न विचारता ऐकत राहिली आणि जुलै १९७३ मध्ये एका साक्षीत तिचा गौप्यस्फोट होईपर्यंत सुमारे ३,७०० तास भरले. राजीनाम्यानंतर झालेल्या एका करारानुसार या फिती यथावकाश नष्ट करण्याचा मार्ग निक्सन यांना मोकळा होता. काँग्रेसने डिसेंबर १९७४ मध्ये खास कायदा करून हे दप्तर सरकारजमा केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो कायदा उचलून धरला. राष्ट्राध्यक्षांचे कागद ही त्यांची खासगी मालमत्ता, अशी तोवरची वहिवाट होती. १९७८च्या कायद्याने ती पुढच्या राष्ट्राध्यक्षांपुरती मोडली.

किसिंजर यांच्या दूरध्वनी-नोंदींची कथा याहून वाकडी आहे. त्यांचे सहायक दुसऱ्या फोनवरून ऐकून किंवा मुद्रणावरून संभाषणे उतरवून काढीत. पद सोडताना किसिंजर यांनी ही पाने खासगी म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसला आपल्या अटींवर देऊन टाकली. पत्रकार न्यायालयात गेले आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. पुढे वीस वर्षांनी ‘आर्काइव्ह’ने कायदेशीर कारवाईची तयारी केली, तेव्हा किसिंजर यांनी प्रती सरकारला परत केल्या. मे २००४ मध्ये सुमारे २० हजार पाने खुली झाली. रॉजर्स यांच्याबरोबरचे ते बोलणे अशा नोंदींमुळे आपल्याला कळते.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारताच्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये किसिंजर यांच्या अध्यक्षतेखालील विशेष कृतिगटाची बैठक झाली. तिच्या इतिवृत्तात किसिंजर यांचे ते वाक्य आहे : आपण भारताशी पुरेसे कठोर वागत नाही, म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाला माझ्यावर भडकतात, त्यांना पाकिस्तानच्या बाजूने कल हवा आहे. हे इतिवृत्त तीस वर्षे थांबले नाही. काही आठवड्यांतच स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी ते छापले आणि त्याबद्दल त्यांना १९७२चे पुलित्झर मिळाले. फुटीचा तपास करताना भलतेच हाती लागले. चार्ल्स रॅडफर्ड नावाचा नौदलाचा कारकून व्हाइट हाउसमधले कागद चोरून संयुक्त सेनाप्रमुखांच्या कचेरीत पोचवीत होता. अँडरसन यांना आपण काही दिले नाही असे तो सांगत राहिला. ज्या सरकारात सेनापतींना आपल्या राष्ट्राध्यक्षांचे मन कळण्यासाठी कागद चोरावे लागत होते, त्या सरकारचे अधिकृत टिपण किती विश्वासाने वाचायचे?

जाहीरपणे काय सांगितले जात होते, तेही याच ओळीत पाहण्यासारखे आहे. ७ डिसेंबरला किसिंजर यांनी पत्रकारांना नाव न छापण्याच्या बोलीवर माहिती दिली : प्रशासन भारतविरोधी आहे हे म्हणणे सर्वस्वी चुकीचे. सिनेटर गोल्डवॉटर यांनी ती सगळी माहिती काँग्रेसच्या कामकाजात घालून टाकली, त्यामुळे नावही राहिले नाही आणि गुप्तताही. दिल्लीत कीटिंग यांनी तिचा वृत्तान्त वाचला आणि ८ तारखेला तार पाठवली. यातले अनेक दावे माझ्या स्वतःच्या माहितीशी जुळत नाहीत, असे त्यांनी एकेक मुद्दा घेऊन लिहिले. अमेरिकेचा राजदूत व्हाइट हाउसची जाहीर निवेदने तपासून चुका दाखवतो, असा कागद दप्तरात राहतो, ही त्या व्यवस्थेची जमेची बाजू मानावी लागेल. धोरणावर मात्र त्याचा परिणाम शून्य झाला.

त्या दिवसांत निक्सन-किसिंजर यांच्या मनावर खरा परिणाम केला तो सीआयएच्या एका अहवालाने. इंदिरा गांधींनी आपल्या मंत्र्यांना सांगितलेली युद्धाची उद्दिष्टे त्यात होती. बांगलादेशची मुक्तता, पाकव्याप्त काश्मीरचा दक्षिणेकडील भाग, आणि पाकिस्तानच्या चिलखती दलाचा व हवाई दलाचा कायमचा निकाल. भारत पश्चिम पाकिस्तानही मोडणार, या समजाला हा एक कागद पुरला. अहवाल देणाऱ्याचे नाव काळ्या पट्टीखाली आहे आणि तर्क पन्नास वर्षे चालू आहेत. अमेरिकी पत्रकार सीमोर हर्श यांनी १९८३च्या पुस्तकात मोरारजी देसाई यांच्यावर सीआयएचा खबऱ्या असल्याचा आरोप केला. मोरारजींनी अमेरिकेत बदनामीचा दावा लावला, आणि १९८९ मध्ये शिकागोच्या ज्यूरीने हर्श यांच्या बाजूने कौल दिला. तो कौल लेखकाने जाणूनबुजून खोटे छापल्याचे सिद्ध झाले नाही एवढ्यापुरता होता, आरोप खरा ठरल्याचा नव्हे. एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबई राज्याचे हे माजी मुख्यमंत्री जुलै १९६९ मध्येच केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. डिसेंबर १९७१च्या मंत्र्यांच्या बैठकीत ते नव्हते. बाकीच्या नावांविषयी पट्टी निघेपर्यंत गप्प राहणे हेच इतिहासाला धरून होईल.

भारत पश्चिम पाकिस्तान मोडणार या समजापायी काय-काय केले गेले ते १० डिसेंबरच्या एका संभाषणवृत्तान्तात एकत्र सापडते. न्यूयॉर्कमधल्या एका गुप्त घरात किसिंजर चीनचे संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी हुआंग हुआ यांना भेटले. सोबत तेव्हाचे अमेरिकी प्रतिनिधी जॉर्ज बुश होते, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. किसिंजर सांगतात : पाकिस्तानला शस्त्रे देण्यास आम्हाला कायद्याने बंदी आहे आणि आमची शस्त्रे असलेल्या मित्रदेशांना ती पुढे देऊ देण्यासही बंदी आहे. मात्र जॉर्डन, इराण, सौदी अरेबिया यांना आम्ही कळवले आहे की तुम्ही ती पाठवलीत तर आम्हाला निषेध करावा लागेल, पण तो फार जोराचा असणार नाही. कायदा कुठे मोडतो आहे याची जाणीव बोलणाऱ्याला होती, हे वृत्तान्तातच लिहिलेले आहे. त्याआधीच्या दोन दिवसांतील बोलण्यांतही परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांच्या विधिज्ञांचा विरोध स्पष्ट नोंदलेला आहे.

१२ डिसेंबरची सकाळ या दप्तरातली सर्वांत भीतिदायक. चिनी प्रतिनिधींना तातडीने भेटायचे आहे, असा निरोप किसिंजर यांचे सहायक अलेक्झांडर हेग ओव्हल ऑफिसमध्ये आणतात. किसिंजर गृहीत धरतात की चीन भारतावर चालून जाणार. मग सोव्हिएत रशिया चीनवर उठला तर? आपण स्वस्थ बसलो तर संपलो, असे किसिंजर म्हणतात. मग काय, अण्वस्त्रे फेकायला लागायचे, असे निक्सन विचारतात. थोड्या वेळाने कळते की चीनला एवढेच सांगायचे होते : संयुक्त राष्ट्रांत युद्धबंदीच्या ठरावाला आमचा पाठिंबा आहे. त्याच दिवशी वॉशिंग्टन-मॉस्को ‘हॉट लाइन’ निक्सन यांनी प्रथमच वापरली. पाकिस्तानच्या एका प्रांतातल्या बंडापासून सुरू झालेले प्रकरण दोन माणसांच्या बोलण्यात काही मिनिटे अणुयुद्धाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आले होते. बखरीत ही सकाळ धीरोदात्त निर्णयाची म्हणून येते.

आणि अमेरिकेचे सातवे आरमार? आपल्याकडे त्याच्या दोन कथा आहेत. एक, ‘एंटरप्राइज’ ढाका वाचवायला निघाली होती. दुसरी, सोव्हिएत पाणबुड्या पाहून ती माघारी वळली. कागद दोन्हींना साथ देत नाहीत. व्हिएतनामजवळच्या समुद्रातून या विमानवाहू जहाजाला हलवण्याचा हुकूम १० डिसेंबरचा आहे. मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून टास्क फोर्स ७४ बंगालच्या उपसागरात शिरले ते १५ला. १६ला ढाक्यात पाकिस्तानी सेनानी नियाझींनी भारताचे सेनानी जगजित सिंग अरोरा यांच्यापुढे शरणागतीवर सही केली. अमेरिकी नागरिकांना सोडवण्यासाठी, हे जाहीर कारण, तर ढाक्यातले बहुतेक परदेशी ब्रिटिश विमानांतून १२ तारखेलाच निघून गेले होते. पूर्वेकडचा निकाल लागलाच आहे, हे निक्सन-किसिंजर त्या आठवड्यात वारंवार बोलून दाखवतात. त्यांचा रोख पश्चिम पाकिस्तानवर होता, आणि दिल्लीपेक्षाही मॉस्को व पीकिंग यांनी पाहावे म्हणून ही हालचाल होती. इथे बखरही प्रामाणिक आहे. नागरिकांना हलवणे हा बहाणा होता, असे किसिंजर आत्मचरित्रात सरळ लिहितात. बखर नेहमीच खोटी नसते, तिला कागदाची जोड मिळेपर्यंत थांबावे लागते इतकेच. अमेरिकी नौदलप्रमुख झुमवॉल्ट यांनी मात्र नंतर लिहिले की या ताफ्याने नेमके काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

कागदांनी किसिंजर यांची एका आरोपातून अर्धी सुटकाही केली आहे, ती नोंदवली पाहिजे. बांगलादेशला त्यांनी ‘बास्केट केस’ म्हणून हिणवले, असे ढाक्यात आणि दिल्लीत आजही बोलले जाते. ६ डिसेंबरच्या बैठकीच्या इतिवृत्तात हे शब्द परराष्ट्र खात्यातील अलेक्सिस जॉन्सन यांच्या तोंडी आहेत. संभाव्य दुष्काळाची चर्चा चालू होती. किसिंजर यांचे वाक्य त्यावरचे उत्तर : पण ती आपलीच जबाबदारी असेल असे नाही. कोणते वाक्य अधिक निष्ठुर, ते वाचकाने ठरवावे, पण ज्याचे त्याच्या पदरात टाकावे.

सगळे उघडे झाले आहे असेही नाही. २००५ मध्ये ऐकवलेल्या काही फितींतली वाक्ये तेव्हा गाळलेली होती. ‘द ब्लड टेलिग्राम’ या २०१३च्या पुस्तकाचे लेखक गॅरी बास यांनी पाठपुरावा केला, त्यातून काही गाळलेले तुकडे खुले झाले आणि २०२० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांत भारतीय स्त्रियांविषयी निक्सन यांचे किळसवाणे उद्गार आहेत. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी म्हणून काय झाकले जाते आणि अब्रूसाठी काय, हे ठरवणारे अधिकारी एकच असतात.

निकाल द्यायचा तर एवढा देता येतो. १९७१चा अमेरिकी कल हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा नव्हता, तिच्या ढाका आणि दिल्लीतल्या प्रतिनिधींचा नव्हता, काँग्रेसचाही नव्हता. तो दोन माणसांचा होता. एप्रिलमध्ये त्याचे कारण चीन हे होते. डिसेंबरपर्यंत त्यात राग आणि सूड इतके मिसळले की कारण आणि आवेश वेगळे करता येत नाहीत. आपण पश्चिम पाकिस्तान वाचवला, हा त्या दोघांचा दावा मात्र त्यांच्या दप्तरातून सिद्ध होत नाही. त्यातून इतकेच कळते की भारत हल्ला करणार असे त्यांना वाटत होते. पश्चिम पाकिस्तानचा प्रदेश घेण्याचा भारताचा इरादा नाही, असे मॉस्कोने १४ डिसेंबरला वॉशिंग्टनला कळवले होते. १७ला भारताने पश्चिम आघाडीवर एकतर्फी युद्धबंदी केली. दिल्लीच्या मनात काय होते याचा पुरावा दिल्लीतच असणार.

तिथे आपली पाटी कोरी नाही, पण उणी आहे. हक्सर यांचे कागद तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात आहेत आणि अभ्यासकांनी ते वापरले आहेत. संरक्षण मंत्रालयाने तयार करवून घेतलेला १९७१च्या युद्धाचा इतिहास १९९२ मध्ये पुरा झाला. तो लोकांसमोर आला तो प्रकाशित होऊन नव्हे, एका वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर फुटून. पूर्व विभागाच्या लष्करी मुख्यालयातले त्या युद्धाचे बरेच कागद नष्ट केले गेल्याची बातमी २०१० मध्ये आली. सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आपल्याकडे १९९३ पासून आहे. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार युद्धांची कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांनी खुली व्हायला हवीत. १९७१ला त्याच्या दुप्पट वर्षे केव्हाच उलटली. ४ नोव्हेंबरच्या त्या बैठकीचे अमेरिकी टिपण जगात कोणालाही वाचता येते. भारताच्या बाजूने तिथे जे टिपले गेले असेल, तेही सरकारने त्याच्या शेजारी आणून ठेवावे.